शिमग्याची भरती: कथालेखन प्रकल्पाच्या नोंदी

15 जुलै 2024

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या सत्रासाठी मी सर्जनशील लेखनाचा प्रकल्प निवडला आहे. एक लघुकथा लिहायची आणि ती लिहिताना घेतलेल्या निर्णयांची कारणे तारखेनुसार नोंदवून कथेसोबत सादर करायची, असे त्याचे स्वरूप आहे. मार्गदर्शक मॅडमनी एकच अट घातली: कथेतील माणसे जे काम करून पोट भरतात, ते काम लेखकाने जवळून पाहिलेले असावे. ही अट मला मनापासून पटते. दुःख, राग, मत्सर यांविषयी लिहिताना आपण सारेच ओळखीच्या वाक्यांचा आधार घेतो. पण कोळीण मासळीचे वाटे कसे लावते हे लिहायचे झाले, तर तयार वाक्य हाताशी नसते, जाऊन बघावेच लागते.

कथा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात घडवायची, एवढे ठरले आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोहोचली आणि आज हा कोळीवाडा रुळांच्या दोन्ही बाजूंना आहे. पूर्वेला मीठबंदर रोडने खाली उतरत गेले की खाडी लागते. सध्या मनात असलेली माणसे तीन: मासळी विकणारी हिरा, रिक्षा चालवणारा तिचा नवरा रवी आणि आता खाडीत न जाणारे तिचे सासरे, ज्यांना ती बाबा म्हणते. काठावर बाबांची लाकडी होडी ओढून ठेवलेली आहे आणि रवीने ती विकायचे ठरवले आहे. याला अजून कथा म्हणता येणार नाही. ही केवळ परिस्थिती आहे. तिच्यात कोणीतरी काहीतरी करणे भाग पडेल अशी अडचण निर्माण झाल्याशिवाय ती जागची हलणार नाही.

22 जुलै 2024

1893 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या नियतकालिकांतील गोष्टी वाचत बसले. मराठी लघुकथेचा इतिहास सांगताना 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातील स्फुट गोष्टींपासून सुरुवात करतात आणि 1945 नंतरच्या नवकथेपाशी मोठे वळण दाखवतात. परीक्षेपुरते हे मला पाठ होते. लिहिण्याच्या दृष्टीने वाचताना मात्र लक्ष निवेदकाकडे गेले. जुन्या गोष्टीतील निवेदक वाचकाशी थेट बोलतो, पात्रांच्या मनातले सारे त्याला ठाऊक असते आणि ते सांगण्यात त्याला संकोच नसतो. नंतरच्या कथांत हा सर्वसाक्षी निवेदक हळूहळू मागे सरतो आणि एकाच माणसाच्या जाणिवेतून जेवढे दिसेल तेवढेच वाचकाच्या हाती येते. माझ्या कथेपुढचा पहिला प्रश्न त्यामुळे असा उभा राहतो: या घरात कोणाला काय माहीत आहे?

4 ऑगस्ट 2024

आज दीप अमावास्या, त्यातून रविवार, आणि उद्यापासून श्रावण. म्हणून मुद्दाम आजच मासळी बाजार गाठला. वर्षातल्या सर्वांत मोठ्या विक्रीच्या दिवसांपैकी हा एक.

एका मावशींच्या समोरच्या पायरीवर परवानगी घेऊन बराच वेळ उभी राहिले. पाटीवर ओले फडके, त्यावर बोंबील, मांदेली आणि कोळंबीचे वाटे. प्रत्येक वाट्यात चांगले मासे वर येतील अशी मांडणी आणि दर थोड्या वेळाने त्यांवर हाताने शिंपडलेले पाणी. गिऱ्हाईक वाकून एखादा मासा उचलू लागले की मावशी स्वतःच तो उचलून त्याचा कल्ला उघडून दाखवत, म्हणजे दुसऱ्याचा हात मालाला लागायला नको. भाव सांगितला की गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे बघे. मावशी त्याच क्षणी शेजारणीशी वेगळ्याच विषयावर बोलू लागत आणि हात मात्र वाट्यात आणखी एक मांदेली टाकत असे. गिऱ्हाईक परत वळे. कोणीही ‘मला हवे आहे’ किंवा ‘मला विकायचे आहे’ असे म्हणत नव्हते.

संवादलेखनाविषयी वर्गात जे ऐकले त्यापेक्षा या घासाघिशीने मला अधिक शिकवले. माझ्या वहीतली पात्रे एकमेकांना आपापले मन समजावून सांगत होती. रवी म्हणत होता की कर्ज फेडायचे आहे, बाबा म्हणत होते की होडीत माझा जीव गुंतला आहे. एकाच घरात राहणारी माणसे हे बोलून दाखवत नाहीत. एकमेकांचे हवे-नको त्यांना आधीच ठाऊक असते. ती जेवणाविषयी बोलतील, पाण्याविषयी बोलतील, आणि हात दुसरेच काही करत असतील. आजपासून संवादाच्या प्रत्येक ओळीसमोर समासात त्या वेळी पात्राचे हात काय करत आहेत ते लिहिणार आहे.

11 ऑगस्ट 2024

आज कथेला तिचा कणा मिळाला आणि तो एका वस्तुस्थितीतून मिळाला, म्हणून ही नोंद सविस्तर करते.

खाडीकाठी होडीची डागडुजी करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, लाकडी होडी फार दिवस कोरड्यावर राहिली की फळ्या सुकतात, आकसतात आणि जोडांमध्ये फटी पडतात. मग कापूस ठासून, डांबर लावून त्या बुजवाव्या लागतात. होडी पाण्यात असेल तर लाकूड फुगलेले राहते आणि जोड आपोआप घट्ट राहतात. कोरड्यावर ठेवलेली होडी जपायची असेल तर काय करतात, असे विचारल्यावर ते म्हणाले, “पाणी मारायचं. रोज.”

घरी येईपर्यंत बाबा माझ्या डोळ्यांसमोर पूर्ण उभे राहिले होते. घरातल्यांना वाटते की म्हातारा रोज खाडीवर नुसता बसायला जातो. प्रत्यक्षात ते रोज बादलीने होडीवर पाणी मारत आहेत. खाडीत पुन्हा जाणार नाहीत हे त्यांनाही कळते, तरीही फळ्यांना फटी पडू द्यायच्या नाहीत. आणि होडी विकत घ्यायला येणारा माणूस सर्वांत आधी जोडच तपासणार. म्हणजे बाबांनी जी होडी कोणाला न सांगता जपली, ती त्यांनी जपल्यामुळेच चांगल्या भावाने जाणार. या कोड्यात मला कथा दिसते.

कथेचा महिनाही याच गोष्टीने ठरवला. गेल्या रविवारचा बाजार इतका जिवंत होता की कथा दीप अमावास्येला घडवावी असे मनात होते. पण पावसाळ्यात होडीवर आभाळच पाणी मारते, बाबांच्या बादलीला तिथे काही अर्थ उरत नाही. कथा कोरड्या ऋतूतच घडायला हवी. फाल्गुन महिना, शिमगा, आणि विक्रीचा दिवस धुळवडीचा. त्या दिवशीही मासळीला मोठी मागणी असते, आणि शिमग्याला कोळीवाड्यांत होड्या सजवून त्यांची पूजा होते, त्यामुळे नेमकी तेव्हाच होडी विकणे घरात कोणालाच सोपे जाणार नाही.

भरतीचे गणित याच दिवसाशी जुळते. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. धुळवड म्हणजे वद्य प्रतिपदा, तेव्हा पाऊण वाजता. खाडीच्या आतल्या टोकाला, ठाण्याला, पाणी त्याहून थोडे उशिरा पोहोचते. पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि काठावर वर ओढून ठेवलेली होडी उधाणाच्या पाण्यावरच तरंगू शकते. गिऱ्हाईक बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे ठेवले आहे, कारण भरती फिरली की ओहोटीच्या ओढीबरोबर होडी ऐरोलीच्या आणि वाशीच्या पुलांखालून दक्षिणेकडे नेता येईल. म्हणजे व्यवहार दुपारी पाणी चढलेले असतानाच मिटला पाहिजे. आणि हिराला ऐन विक्रीच्या वेळी पाटी शेजारणीवर सोपवून यावे लागणार. कथेला घाई हवी म्हणून मी कोणाला आजारी पाडले नाही की कोणाचा दूरध्वनी आणला नाही. घाई चंद्राने आणली, आणि ती मला अधिक विश्वासार्ह वाटते.

19 ऑगस्ट 2024

नारळी पौर्णिमा. कोळीवाड्यातून खाडीकडे निघालेली मिरवणूक पाहिली. वर्णनाची पाने भरली, पण त्यांतले कथेत काही येणार नाही.

1 सप्टेंबर 2024

निवेदन कोणाच्या बाजूने करायचे याचा निर्णय कागदावरच होऊ शकतो, म्हणून एकच प्रसंग, होडी पाहायला गिऱ्हाईक काठावर येते तो, निरनिराळ्या बाजूंनी लिहून पाहिला.

रवीच्या बाजूने लिहिताना प्रसंग वेगवान होतो. त्याला पैसा हवा आहे, अडथळा समोर दिसतो, वाक्ये आपोआप तुटक होतात. मात्र बादलीची गोष्ट त्याला ठाऊक नाही. त्यामुळे होडीचे जोड घट्ट निघाले हा त्याच्या दृष्टीने निव्वळ योगायोग ठरतो आणि कथेचा गाभाच कथेबाहेर राहतो.

बाबांच्या बाजूने लिहिले तेव्हा प्रत्येक वाक्य आठवणीकडे वळू लागले. डोळ्यांपुढे होडी असलेला म्हातारा कोळी आठवणी काढणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते आणि लेखकालाही त्या मार्गाने जाणे फार सोपे जाते. शिवाय बाबांच्या मनात शिरले की ते पाणी का मारतात याचे कारण सांगावे लागते. ते कारण मला सांगायचे नाही. ते त्यांना स्वतःलाही शब्दांत सांगता येणार नाही, असे मी त्यांना ओळखते.

हिराची बाजू घेतल्यावर मात्र प्रसंगाला खोली आली. ती या घरात बाहेरून आलेली आहे, होडीशी तिचे बालपण जोडलेले नाही. पण घरखर्च तीच चालवते, म्हणून कर्जाचा आकडा तिला रवीइतकाच पाठ आहे. न्हाणीतली बादली रोज जागेवर नसते हे ध्यानात येण्याजोगी घरातली एकमेव व्यक्ती तीच. रवीला माहीत नाही ते तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे बाबांना माहीत नाही. या तिढ्यात उभे राहून जो बघतो त्याच्याच बाजूने कथा सांगावी, असा निष्कर्ष मी माझ्यापुरता काढला आहे.

बाजू एकदा ठरली की भोवतालचे जगही त्या माणसाच्या नजरेतून निवडावे लागते. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले, 2022 मध्ये या क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि खाडीवर कथा म्हटली की गुलाबी पक्ष्यांचा थवा लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. शिमग्याच्या दिवसांत ते तिथे असतातही. परंतु पहाटे लोकलच्या मालडब्यातून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल आणणारी आणि दुपारपर्यंत पाटीमागे बसणारी हिरा खाडीवर पोहोचल्यावर आधी पाणी किती चढले ते बघेल, मग नवऱ्याचा चेहरा बघेल. पक्षी तिच्या मागे उडत असतील तर असोत.

21 सप्टेंबर 2024

गणेशोत्सवानंतर पुन्हा लेखनाला बसले. सध्या एकच प्रश्न सतावतो आहे: बादलीचे गुपित वाचकाला केव्हा कळावे?

एक मार्ग कलाटणीचा. होडी पाहणी होईपर्यंत वाचकाला काहीच सांगायचे नाही. गिऱ्हाईक वाकून जोडांवरून नख फिरवते, चकित होते, आणि मग हिराच्या मनातून सारा उलगडा होतो. असा शेवट वाचून होताच दाद मिळते. परंतु निवेदन हिराच्या बाजूने असताना तिला पहिल्या पानापासून ठाऊक असलेली गोष्ट अखेरपर्यंत झाकून ठेवणे म्हणजे वाचकाशी केलेली लबाडी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या नजरेतून जग दाखवायचे आणि तिच्या मनातली सर्वांत मोठी गोष्ट तेवढी लपवायची, हे मला करायचे नाही.

दुसरा मार्ग सुरुवातीलाच सांगून टाकण्याचा, आणि तोच मी पत्करला आहे. कथेचे पहिले वाक्य आता असे आहे: “न्हाणीतली निळी बादली आजही जागेवर नव्हती.” पहिल्या परिच्छेदाच्या अखेरीस हिरा मीठबंदरच्या वळणावरून बाबांना होडीवर पाणी ओतताना बघते आणि हाक न मारता माघारी वळते. त्यानंतर गिऱ्हाईक काठावर येते तेव्हा वाचक हिराच्या शेजारी उभा असतो. पुढे काय उघड होणार हे दोघांनाही ठाऊक असते. कोण आणि केव्हा बोलेल एवढेच ठाऊक नसते. आश्चर्याचा धक्का एका वाक्यात संपतो, ही धाकधूक मात्र चार पाने टिकते, असा या दोन मसुद्यांचा माझा अनुभव आहे.

गुपित लवकर फोडल्याचा एक लाभ आधी ध्यानात आला नव्हता. वाचकाला ते माहीत असल्यामुळे साध्या वाक्यांनाही वजन येते. रवी सहज म्हणतो, “इतके महिने कोरडी पडलीय, दहा-पाच हजार कमी करेल तो.” या वाक्यात काहीच विशेष नाही, पण ते ऐकताना हिराचा हात थबकतो आणि वाचकाला ते कळते.

28 सप्टेंबर 2024

संवादांची बोली. निवेदन प्रमाण मराठीत ठेवले आहे. रवी आणि हिरा आपसांत शहरी बोलतात, फक्त बाबांचे बोलणे कोळी बोलीत आहे. कोळीवाड्यातच वाढलेल्या वर्गमैत्रिणीने सारे संवाद मोठ्याने वाचून दाखवले आणि ऐकताना जिथे ती अडखळली तिथे मी खूण केली. बोली जितकी दाट लिहावी तितकी ती खरी वाटेल असे नाही. प्रत्येक शब्द बदलला तर वाचक अर्थ लावण्यातच गुंततो आणि माणूस बाजूला राहतो. बाबांच्या वाट्याला म्हणून थोडीच वाक्ये ठेवली. “मना इकायची नाय” हे वाक्य काढून टाकले, कारण ते या माणसाच्या तोंडी शोभत नाही. ज्याने पाणी मारत असल्याचे कोणाला सांगितले नाही, तो नकारही असा सांगणार नाही.

6 ऑक्टोबर 2024

शेवटाचा प्रसंग. गिऱ्हाईक होडीभोवती फिरते. होडी कोरड्यावर आहे हे बघूनच त्याने भाव पाडला आहे; दिवाळे गावापर्यंत जाताना पाणी आत आले तर काय, ही त्याची भीती खरी आहे, आणि व्यवहार मोडायच्या बेतात आहे. या क्षणी हिराने तोंड उघडले, ‘रोज पाणी मारलंय तिला’ एवढेच म्हटले, तर भाव चढतो, व्यवहार होतो आणि बाबांचे गुपित सर्वांसमोर उघडे पडते. ती गप्प राहिली तर होडी कदाचित राहील आणि कर्जही राहील. दोन्ही बाजूंना काहीतरी गमावणे आहे, म्हणून हा निर्णय कथेच्या अखेरीस ठेवण्याजोगा आहे.

हिराने काय करावे याचा विचार मी अनेक दिवस केला, आणि अखेर तो प्रश्न बदलून घेतला: आतापर्यंतच्या पानांवर जी बाई दिसते ती काय करील? जी पाटीवरचा प्रत्येक वाटा मोजून लावते, जी ऐन धुळवडीची विक्री सोडून काठावर आली आहे, ती बोलेल. ती बोलते. मला व्यक्तिशः तिने गप्प राहावे असे वाटत होते, पण माझी इच्छा तिच्यावर लादली असती तर आधीचे प्रत्येक पान तिच्या विरोधात उभे राहिले असते.

त्यानंतर रवी वडिलांकडे बघतो. बाबा रवीकडे बघत नाहीत, हिराकडेही नाही. खाडीकडे बघत म्हणतात, “पानी चरलं. आटपा.” (चरलं म्हणजे चढलं.) पुढे होडी ढकलण्याचे काम आहे: कोण कुठे हात लावतो, चिखलात पाय कसे रुततात, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, पाण्याला लागल्यावर गिऱ्हाईक आधी आत उडी मारून तळाशी हात फिरवते आणि तो कोरडाच वर काढते. कथा तिथे थांबते.

13 ऑक्टोबर 2024

वर्गात कथावाचन झाले. बाबांच्या शेवटच्या वाक्यावर दोन तट पडले. काहींना त्यात सुनेला दिलेली संमती ऐकू आली, काहींना तिच्याशी पुन्हा न बोलण्याचा निश्चय. एका मित्राने आग्रहाने सुचवले की त्या वाक्यानंतर बाबांच्या चेहऱ्याविषयी एक ओळ घालावी, म्हणजे शंका राहणार नाही. मी त्यावर गंभीरपणे विचार केला. तशी ओळ लिहूनही पाहिली: “त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.” वाक्य निरुपद्रवी दिसते, परंतु ते हिराच्या मनातला प्रश्न वाचकाकरिता परस्पर सोडवून टाकते. हिराला त्या क्षणी बाबांच्या मनाचा थांग लागत नाही; तिला जे कळत नाही ते तिच्या बाजूने सांगणाऱ्या निवेदकालाही कळता कामा नये, आणि हे बंधन मी 1 सप्टेंबरला स्वतःहून स्वीकारलेले आहे. ओळ घातली नाही.

मॅडमची सूचना वेगळी आणि अधिक नेमकी होती. होडी ढकलताना हिराचे हात कुठे आहेत ते कथेत लिहिलेले नाही. बाबा नाळेपाशी आहेत, रवी मागून रेटतो आहे, गिऱ्हाईक बाजूला आहे. हिरा नुसती बघत उभी असेल तर ती व्यवहारापुरती बोलून अलिप्त झाली असे दिसते. मी तिला बाबांच्या विरुद्ध बाजूने नाळेला हात लावायला लावले आहे. दोघांमध्ये होडीची रुंदी आहे, त्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसतात, पण जोर लावताना कोणी बोलत नाही. हा बदल एका वाक्याचा आहे. त्यापायी ढकलण्याचा सारा परिच्छेद नव्याने लिहिला.

शुद्धलेखन आणि परिच्छेदांची विभागणी तपासणे बाकी आहे. कथेची स्वच्छ प्रत आणि ही नोंदवही बुधवारी विभागात देणार असून, एक प्रत काठावरच्या त्या वृद्ध गृहस्थांना वाचून दाखवायला नेणार आहे. फटी, डांबर आणि पाणी मारणे यांविषयी लिहिलेले त्यांच्या कानांवरून गेल्याशिवाय मला पुढे जायचे नाही.